अंधारात मोजला जाणारा उजेड : चमकणाऱ्या पदार्थांच्या प्रयोगशाळेतली यंत्रे आणि आपण

दुधनीच्या अडत दुकानात तुरीची पट्टी झाली की पाचशेच्या नोटा जांभळट दिव्याखाली धरून पाहिल्या जातात. खऱ्या नोटेवरचा क्रमांक त्या दिव्यात चमकतो आणि कागदात विखुरलेले बारीक धागेही उजळतात. आपल्या घरातला पांढरा एलईडी बल्ब, जुनी ट्यूबलाइट आणि एक्स-रे खोलीतल्या कर्मचाऱ्याच्या छातीवरचा छोटा बॅज याच गुणावर चालतात. बाहेरून ऊर्जा घेऊन स्वतः उजेड देणाऱ्या पदार्थांचा हा गुण आहे. शास्त्रात त्याला ल्युमिनेसन्स म्हणतात आणि अशा पदार्थांना फॉस्फर.

दुधनी परिसरातली आपली मुले-मुली बारावीनंतर अक्कलकोट, सोलापूर किंवा कलबुर्गीला जातात. कुणी भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करते, कुणी एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स करून खाजगी दवाखान्यात कामाला लागते. काही कार्यकर्ते बौद्ध लेणी आणि स्तूपांच्या अभ्यासात रमतात. या तिन्ही वाटा एका प्रयोगशाळेपाशी येऊन मिळतात. तिथे कोणती यंत्रे असतात, ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतात आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाहीत, हे समजून घेतले तर यंत्राची भीती जाते आणि यंत्राच्या नावाने कुणी आपल्याला फसवूही शकत नाही.

थंड उजेड

चुलीवरचा लोखंडी तवा फार तापला की लालसर दिसतो. तो उष्णतेचा उजेड. काजवा मात्र हाताला गरम लागत नाही, तरी चमकतो. ल्युमिनेसन्स हा असा थंड उजेड आहे. काजव्यात तो रासायनिक क्रियेतून येतो. फॉस्फरमध्ये तो अतिनील किरण, एक्स-रे किंवा विजेने दिलेल्या ऊर्जेतून येतो. ऊर्जा मिळताच पदार्थातला इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली येताना उजेड सोडतो.

घेतलेली सगळी ऊर्जा उजेडाच्या रूपात परत येत नाही. थोडी वाटेत उष्णता होऊन जाते. म्हणून डोळ्यांना न दिसणारा अतिनील किरण आत गेला तरी बाहेर दिसणारा हिरवा किंवा लाल उजेड पडतो. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ साली ही गोष्ट मांडली. पांढऱ्या एलईडीत तेच घडते. आतली चिप निळा उजेड देते, तिच्यावरचा पिवळा फॉस्फर त्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. पण त्या निळ्याचा पांढरा करणारी चिमूटभर पिवळी भुकटीही कुणीतरी प्रयोगशाळेत भाजूनच तयार केलेली असते.

भुकटी कशी तयार होते

फॉस्फर बनवण्याची खोली स्वयंपाकघराला जवळची असते. पहिले साधन वजनकाटा, पण ग्रॅमचा दहा हजारावा भाग दाखवणारा. इतकी बारीक तोलाई कशासाठी? तर फॉस्फरमध्ये चमक देणारा घटक अगदी थोडा असतो. युरोपियम, डिस्प्रोसियम, सेरियम अशी ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये. शंभरात एक, कधी हजारात एकाहूनही कमी. कमी पडले तर चमक येत नाही. जास्त झाले तर चमकणारे अणू एकमेकांचीच ऊर्जा खातात आणि उजेड पुन्हा घटतो. भाजीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. इथे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

नंतर येतो अकीक दगडाचा खल. अकीक कठीण आणि गुळगुळीत असल्याने कुटताना खलाचा कण मिश्रणात सहसा मिसळत नाही. लोखंडी खल वापरला तर लोखंड मिसळेल, आणि लोखंडाचा अंशही बऱ्याच फॉस्फरची चमक मारतो. मिश्रण ॲल्युमिनाच्या वाटीत भरून मफल फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या बंद भट्टीत, ठेवतात. हजार अंश सेल्सिअसच्या वर कित्येक तास भाजले की घन कण एकमेकांत शिरून नवा स्फटिक बनतो.

दुसरी पद्धत कमी वेळाची आहे. धातूंचे नायट्रेट आणि आपल्या शेतात पडणारा युरिया यांचे द्रावण सुमारे ५०० अंशांच्या भट्टीत ठेवायचे. ते उकळते, फसफसते, पेट घेते आणि काही मिनिटांत हलकी फुगीर राख उरते. तीच फॉस्फर. १९८०च्या दशकात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. के. सी. पाटील आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही ज्वलन पद्धत विकसित केली. आज जगभर ती वापरली जाते, कारण तिला महागडी भट्टी लागत नाही. मात्र यातून निघणारा नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर विषारी असतो. धूर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटाशिवाय हा प्रयोग करू नये. घरी तर मुळीच नाही.

तयार झाले ते नेमके काय?

भट्टीतून निघालेली पांढरी भुकटी पाहून काहीच कळत नाही. मीठ, खडू, चुना सगळेच पांढरे. इथे एक्स-रे डिफ्रॅक्टोमीटर, ज्याला सगळे एक्सआरडी म्हणतात, कामाला येतो. स्फटिकातल्या अणूंच्या रांगांवर एक्स-रे पाडले की ते ठराविक कोनांतच जोराने परततात. त्या कोनांचा आलेख ही त्या पदार्थाची ओळख, जशी माणसाची बोटांच्या ठशांवरून. आलेखाची शिखरे नोंदवलेल्या प्रमाणित आलेखाशी जुळली तर पदार्थ बरोबर बनला.

पण एक्सआरडीची मर्यादाही लक्षात ठेवा. शेकडा एक-दोन इतक्या कमी प्रमाणातला वेगळा पदार्थ त्यात बहुधा दिसतच नाही. म्हणून आलेख स्वच्छ आला एवढ्यावरून नमुना पूर्ण शुद्ध आहे असे म्हणता येत नाही. कणांचा आकार आणि ठेवण पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तोही कणाचे रूप दाखवतो, उजेडाबद्दल काही बोलत नाही.

रंग मोजणारे यंत्र

उजेडाचा पहिला पुरावा साध्या अतिनील दिव्याने मिळतो. या दिव्याला बहुधा दोन बटणे असतात, २५४ आणि ३६५ नॅनोमीटरची. दिव्याखाली भुकटी लाल चमकली की प्रयोग करणाऱ्याचा दिवस चांगला जातो. यातला २५४चा किरण डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे हवेतच.

डोळ्याला लाल दिसले म्हणून शोधनिबंध लिहिता येत नाही. किती लाल, नेमका कोणता लाल, हे स्पेक्ट्रोफ्लोरोमीटर सांगतो. त्याचे पोट उघडून पाहिले तर रचना सोपी आहे. एका टोकाला झेनॉन दिवा, तो सगळ्या रंगांचा उजेड देतो. पुढे एक जाळी त्यातला हवा तेवढा एकच रंग निवडून नमुन्यावर पाडते. नमुन्यातून निघालेला उजेड बाजूने पकडून दुसऱ्या जाळीने पुन्हा रंग वेगळे केले जातात. शेवटी फोटोमल्टिप्लायर ट्यूब बसलेली असते. तिच्यावर प्रकाशाचा एक कण पडला तर एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि पायरीपायरीने वाढत त्याचे सुमारे दहा लाख इलेक्ट्रॉन होतात. इतक्या नाजूक डोळ्यावर वीज चालू असताना खोलीतला साधा उजेड पडला तर तो बिघडतो. म्हणून हे यंत्र अंधारात, झाकण बंद ठेवून चालवतात.

हे यंत्रही चुकीचे बोलू शकते. जाळीच्या स्वभावामुळे २५४चा किरण आलेखात बरोबर दुपटीवर, म्हणजे ५०८ नॅनोमीटरवर, खोटे शिखर दाखवतो. ५०८ हा हिरवा रंग. नवा विद्यार्थी हिरवा फॉस्फर सापडला म्हणून आनंदतो, आणि तो दिव्याचाच प्रतिध्वनी निघतो. वाटेत योग्य फिल्टर लावला की ते शिखर नाहीसे होते, खरे असेल ते टिकते.

साठवलेला उजेड

काही पदार्थ घेतलेली ऊर्जा लगेच परत करत नाहीत. स्फटिकात जिथे दोष असतो, तिथे इलेक्ट्रॉन खड्ड्यात अडकावा तसा अडकून राहतो, महिने, वर्षे, कधी हजारो वर्षे. पदार्थ तापवला की तो सुटतो आणि उजेड पडतो. याला थर्मोल्युमिनेसन्स म्हणतात. गरम केलेल्या फ्ल्युओराइटचा उजेड संपतो आणि रेडियमजवळ ठेवल्यावर त्याचा हा गुण परत येतो, ही नोंद मेरी क्युरी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आपल्या प्रबंधात केली होती.

हा उजेड मोजणारे यंत्र म्हणजे टीएल रीडर. त्यात नमुना ठेवायला छोटी तापणारी पट्टी, तापमान सांगणारा थर्मोकपल आणि वर तीच फोटोमल्टिप्लायर ट्यूब. तापमान एकसारख्या गतीने वाढवत नेले की कोणत्या अंशाला किती उजेड पडला याचा आलेख मिळतो. त्याला ग्लो कर्व्ह म्हणतात. जितके किरण आधी पडले असतील तितका जास्त उजेड. भुकटीने किती किरण खाल्ले, याचा तो हिशेब असतो.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा जुनी आहे. नागपूर आणि अमरावतीच्या विद्यापीठांत फॉस्फरवर अनेक वर्षे संशोधन होत आले आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डिस्प्रोसियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट हा फॉस्फर हाताळून देशभरच्या किरणोत्सर्ग कर्मचाऱ्यांसाठी बॅज तयार झाला. हा फॉस्फर जपानमध्ये यामाशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी मांडला होता. कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्समच्या घराण्यातलेच. इतक्या साध्या पदार्थावर १९७५ पासून आपल्या देशाची ही मोजणी उभी आहे.

छातीवरचा बॅज : ज्यांच्यासाठी हा लेख आहे

सीटी, एक्स-रे, कॅथ लॅब इथे काम करणाऱ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज असतो. आत ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन गोल चकत्या बसवलेल्या असतात. चकतीत फॉस्फर टेफ्लॉनमध्ये मिसळून दाबलेला असतो. एका चकतीसमोर धातूचा पडदा, दुसऱ्यासमोर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. तिन्हींच्या उजेडातल्या फरकावरून किरण कोणत्या जातीचे होते याचा अंदाज येतो. साधारण तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, चकत्या गरम वायूने तापवल्या जातात आणि मात्रा नोंदली जाते.

हा बॅज संरक्षण करत नाही. तो ढाल नाही, तराजू आहे. पण तराजूच नसेल तर आपल्यावर किती पडले हे कधीच कळणार नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी ठरवलेली मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे, आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या वर जाता येत नाही. सामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. महिला कर्मचाऱ्याने गरोदर असल्याचे कळवले की गर्भासाठी मर्यादा आणखी कडक होते.

छोट्या गावातल्या खाजगी एक्स-रे केंद्रात कामाला लागणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी एवढे लक्षात ठेवावे :

- रुजू होतानाच आपल्या नावाचा बॅज मागा. दुसऱ्याचा बॅज वापरू नका, आपला दुसऱ्याला देऊ नका. आधीच्या नोकरीत मिळालेला वैयक्तिक क्रमांक नव्या ठिकाणी सांगा, म्हणजे आयुष्यभराची मात्रा एका नावावर राहते.
- बॅज छातीवर लावा. शिशाचा ॲप्रन घातला असेल तर ॲप्रनच्या आत.
- काम संपल्यावर बॅज एक्स-रे खोलीत टांगून ठेवू नका. तो किरण मोजत राहील आणि हिशेब चुकेल. कंट्रोल बॅजजवळ, किरण नसलेल्या जागी ठेवा.
- स्वतः रुग्ण म्हणून एक्स-रे काढताना बॅज काढून ठेवा.
- बॅज कपाटात पडून असेल तर अहवालात शून्य येईल. तो शून्य तुमच्या सुरक्षिततेचा पुरावा नाही, बॅज न वापरल्याचा आहे.
- अहवाल आल्यावर आपला आकडा विचारा आणि लिहून ठेवा. चकती तापवली की तिच्यातला साठा संपतो. मागे उरते ती फक्त नोंद.

एक्स-रे यंत्राची नोंदणी आणि परवाना नियामक मंडळाच्या ई-लोरा या ऑनलाइन व्यवस्थेतून होतो. आपण काम करतो त्या केंद्राकडे तो आहे का, हे विचारण्यात संकोच नको. नोकरी जाण्याची भीती खरी आहे, हे कुणी नाकारत नाही. म्हणून हा प्रश्न एकट्या मुलाने विचारण्यापेक्षा संघटनेने, शहरातल्या सगळ्या टेक्निशियनांनी मिळून विचारावा.

विटेत साठलेला काळ

दुधनीहून रेल्वेने कलबुर्गी ओलांडून वाडीच्या पुढे गेले की नालवार स्टेशन लागते. तिथून सन्नती जवळ आहे. सन्नतीजवळ कनगनहळ्ळी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात मोठा स्तूप उघडा पडला आणि ब्राह्मीत 'राया असोको' असे कोरलेली सम्राट अशोकाची शिल्पपट्टीही मिळाली. आपल्या भागातून तिथे अनेक जण जातात. परत आल्यावर समाजमाध्यमांवर दावे फिरतात, अमुक मूर्तीच्या दगडाची कार्बन चाचणी झाली, तमुक लेणे इतक्या हजार वर्षांचे निघाले.

इथे यंत्राची भाषा नीट कळायला हवी. कार्बन चाचणी लाकूड, कोळसा, हाड, धान्य अशा एके काळी सजीव असलेल्या वस्तूंवर होते. कोरलेल्या पाषाणावर ती होत नाही. वीट आणि खापर यांच्यासाठी मात्र थर्मोल्युमिनेसन्स आहे. भट्टीत भाजताना मातीतला जुना साठा पुसला जातो, घड्याळ शून्यावर येते. त्यानंतर जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाने साठा हळूहळू भरत राहतो. आज तापवून उजेड मोजला आणि वर्षाला किती भर पडते हे त्या जागी मोजले, की भाग देऊन वय मिळते. मातीचा कण शेवटचा सूर्यप्रकाशात कधी होता, हे त्याच धर्तीच्या पण उष्णतेऐवजी प्रकाशाने साठा सोडवणाऱ्या ओएसएल रीडरने कळते. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत प्रा. अशोक सिंघवी यांनी या क्षेत्रात भारतात मोठे काम उभे केले.

या पद्धतीने मिळालेल्या वयात शेकडा पाच ते दहा इतकी चूक धरावी लागते. दोन हजार वर्षांत ती शंभर ते दोनशे वर्षे होते. म्हणून जिथे शिलालेख किंवा नाणी आहेत तिथे तो पुरावा बहुधा अधिक नेमका असतो. जिथे ते नाहीत, तिथे वीट बोलते. पण वीट तिच्या जागी असेल तरच. आठवण म्हणून पिशवीत घालून आणलेल्या विटेभोवतालच्या मातीचा हिशेब हरवतो, उन्हात पडलेल्या नमुन्याचा साठा पुसला जातो, आणि संरक्षित स्थळावरून काही उचलणे हा गुन्हा आहेच. वारशावर प्रेम असेल तर वीट जिथे आहे तिथेच राहू द्या, आणि दावा करणाऱ्याला एवढेच विचारा : नमुना कोणता, कुणी घेतला, कोणत्या प्रयोगशाळेत कोणत्या पद्धतीने तपासला, चुकीची मर्यादा किती? उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नका. आपला इतिहास भक्कम आहे, त्याला खोट्या चाचणीचा टेकू नको. असा टेकू निघाला की खऱ्या पुराव्यावरही लोक शंका घेतात.

यंत्रे महाग आहेत, मग आपली मुले कशी पोहोचणार?

'आमच्या कॉलेजात ते मशीन नाही' हे वाक्य घेऊन बरेच विद्यार्थी विषय सोडतात. खरे तर फॉस्फरच्या कामात रोज लागतो तो वजनकाटा, खल, भट्टी आणि अतिनील दिवा. एक्सआरडी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ही यंत्रे वर्षातून काही वेळा लागतात आणि ती सामायिक असतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि आयआयटी मुंबईत बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासण्याची सोय आहे. देशभरातली सार्वजनिक पैशाने घेतलेली यंत्रे आय-स्टेम या पोर्टलवर शोधता येतात. मार्गदर्शकाच्या सहीचे पत्र, नमुन्याची माहिती आणि आपला प्रश्न नेमका काय आहे हे सांगता येणे, एवढ्यावर दार उघडते.

सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झाले. त्यामुळे दुधनीच्या मुलीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायला आता पुणे-कोल्हापूरच गाठावे लागते असे नाही. पीएच.डी.साठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, नेट-जेआरएफची वाट आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण केलेले तरुण कर्करोग रुग्णालयांत वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम करतात. बॅज लावणारा आणि बॅज वाचणारा, दोन्ही जागांवर आपली माणसे असायला हवीत.

दुधनीत, अक्कलकोटमध्ये ज्यांच्या विहारात अभ्यासिका चालते, त्यांनी बारावी विज्ञानाच्या मुलांसाठी एक रविवार या विषयाला द्यावा. लागेल एक ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च, एक नोट, एक बंद पडलेला एलईडी बल्ब, टॉनिक वॉटरची बाटली आणि अंधारी खोली. टॉनिक वॉटर त्यातल्या क्विनाइनमुळे निळे चमकेल, बल्बमधला पिवळा थर उजळेल. टॉर्च कुणाच्या डोळ्यावर मारू देऊ नका. मग मुलांना विचारा, हा उजेड आला कुठून? आणि शहरातल्या एखाद्या एक्स-रे टेक्निशियन दादा-ताईला बॅज घेऊन बोलवा. मागच्या तिमाहीत त्यांचा आकडा किती आला होता, हा प्रश्न त्यांनाही त्या दिवशी विचारावा.